बंद केल्यावरही उजळणारा दिवा

दादाराव गजभिये अवर सचिव म्हणून निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या भाषणांत प्रत्येकाने एकच गोष्ट सांगितली, की या माणसाच्या हातून नोकरीत एकही चूक झाली नाही. ते अक्षरशः खरं होतं. चूक व्हायला आधी काहीतरी करावं लागतं, आणि दादारावांच्या विभागात काही करण्याचा प्रघात नव्हता. फाइल यायची, तिच्यावर मत नोंदवलं जायचं आणि ती पुढच्याच्या मतासाठी पुढे जायची. कधी कधी ती सगळ्यांची मतं गोळा करून इतकी जाडजूड होऊन परत यायची, की मूळ प्रश्न काय होता हे शोधायला नवी फाइल उघडावी लागे.

तरी दादारावांना नुसता फायलीतला किडा म्हणणं अन्यायाचं होईल. नियमांवर त्यांची जी श्रद्धा होती ती कमावलेली होती. भंडारा जिल्ह्यात पवनीजवळच्या खेड्यात त्यांचे वडील विड्या वळत. दादाराव अकरावीत असताना तालुक्याच्या कचेरीतल्या एका कारकुनाने त्यांची शिष्यवृत्ती अडवून धरली होती. मुलगा गेला की तो बापाला पाठव म्हणायचा, बाप गेला की मुलाला. शेवटी शाळेतल्या एका मास्तरांनी सरकारचा छापील नियम दादारावांच्या हातात दिला. त्यांनी तो कारकुनासमोर उभं राहून मोठ्याने वाचला, आणि शिष्यवृत्ती सुटली. इतर मुलांना कचेरीत मामा होते, काका होते, आमदाराची ओळख होती. आपल्याला नियम आहे, हे दादारावांनी त्या दिवशी मनात पक्कं केलं आणि पुढे आयुष्यभर नियमालाच मामा मानलं. मामाही कधीतरी चुकतो, असा विचार भाच्याच्या मनात सहसा येत नाही.

निवृत्तीनंतर दिल्लीतल्या सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून ते इंदिरापुरमला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. सोसायटीचं नाव ‘हिमशिखर दर्शन’. हिमशिखर तिथून आजवर कुणाला दिसलं नव्हतं. थंडीच्या दिवसांत तर धुरकटामुळे समोरचा टॉवरही दिसत नसे. पण फ्लॅट स्वतःचा होता. भिंतीत खिळा ठोकायला कुणाची परवानगी लागणार नाही, या आनंदात रमाबाईंनी पहिल्याच आठवड्यात बाबासाहेबांची तसबीर, बुद्धाची मूर्ती आणि पुस्तकांचं कपाट अशी सगळी मांडणी मनासारखी करून घेतली. राहिला तो हॉलमधला दिवा. तो बिल्डरने लावून दिलेला होता. छताला चिकटलेला दुधी काचेचा वाडगा, आत दोन बल्ब, त्यातला एक कायमचा गेलेला. वाडग्यात कितीतरी किडे साचले होते. आत शिरायची वाट त्यांना सापडली होती, बाहेर यायची नाही. सरकारी समितीवर नेमलेल्या सदस्यांसारखी त्यांची अवस्था झाली होती.

हा दिवा बदलायचं कारण ठरली त्यांची मुलगी उन्नती. ती गुरुग्रामला एका कंपनीत होती आणि तिने स्वतःसाठी मुलगा पसंत केला होता. समर्थ त्याचं नाव. मुलगा शांत, नोकरी चांगली, घर मूळचं नांदेडकडचं, आपल्याच समाजातलं. तक्रारीला जागा नव्हती. मुनिरकाला तो आईबरोबर राहायचा. रविवारी आईला घेऊन जेवायला येणार होता.

आई काय करतात, असं दादारावांनी सहज विचारलं. कुसुमावतीबाई कांबळे ऑडिट खात्यातून निवृत्त झाल्या आहेत, असं उन्नतीने सांगितलं, आणि दादारावांच्या हातातला चहा तसाच राहिला. मुलाकडची माणसं म्हणून ते कुणालाही तोंड देऊ शकले असते. पण ऑडिट! आयुष्यभर ज्या जमातीच्या आक्षेपांना उत्तरं लिहिण्यात त्यांची बोटं झिजली, तिच्यातलीच एक आता विहीण म्हणून घरात येणार होती.

त्याच संध्याकाळी उन्नती नवा दिवा घेऊन आली. गोल, चपटा, ताटाएवढा एलईडी. बटण बंद करून पुन्हा लावलं की त्याचा रंग बदलायचा. एकदा पांढरा, एकदा पिवळा, एकदा दोन्हींच्या मधला. सोसायटीचा इलेक्ट्रिशियन सोनू गावी लग्नाला गेला होता. कुणाच्या लग्नाला आणि परत कधी येणार, हे त्याने सांगितलं नव्हतं. रमाबाई म्हणाल्या, बाजारातून कुणाला तरी बोलावू. त्यावर दादारावांनी बाहेरच्या कामगाराला आत आणण्याबाबतचे सोसायटीचे नियम तपशीलवार सांगितले आणि शेवटी, हे काम आपणच करू, असं जाहीर केलं.

"बाबा, तुम्हाला नाही जमायचं," उन्नती म्हणाली. ती काळजीने म्हणाली होती. पण निवृत्त झाल्यापासून दादारावांपुढे कुणी सहीसाठी साधा कागदही ठेवला नव्हता, आणि ते वाक्य त्यांना नको तिथे लागलं.

शनिवारी सकाळी तयारी झाली. आदल्या दिवशी त्यांनी मोबाइलवर बरेच व्हिडिओ पाहिले होते. प्रत्येकात एक तरुण हसत हसत सांगायचा, "दोस्तों, दो मिनट का काम है." दादारावांनी लाकडी स्टूल घेतलं, पायात रबरी चपला घातल्या आणि दिव्याचं बटण बंद केलं. बंद झाल्याची उन्नतीकडून खात्री करून घेतली, मग तीच खात्री रमाबाईंकडूनही करून घेतली. एवढी दक्षता त्यांच्या खात्यात कोट्यवधींच्या प्रस्तावालाही कुणी घेत नसे. मग रमाबाईंनी स्टूल धरलं आणि ते वर चढले.

वाडगा उतरवला, किडे कचऱ्यात गेले. आता जुना दिवा सोडवायचा म्हणून त्यांनी तारेला हात लावला, तोच बोटांपासून खांद्यापर्यंत सणसणीत झटका बसला. स्टूल हललं. काय झालं, असं रमाबाईंनी खालून विचारलं.

"काही नाही," दादाराव म्हणाले.

बटण बंद होतं. तिघांनी पाहिलं होतं. बटण बंद म्हणजे वीज बंद, हा नियम होता, आणि वस्तुस्थिती नियमाशी जुळत नसेल तर वस्तुस्थिती पुन्हा तपासायची असते, हे त्यांच्या हाडीमासी भिनलं होतं. जुन्या दिव्यात थोडा करंट शिल्लक राहिला असावा, थकबाकीसारखा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तरी खाली उतरून, घाम पुसायचं निमित्त करून, त्यांनी घराची मेन पाडली आणि मग पुन्हा चढले. पत्र्याची पट्टी छताला बसवली, स्क्रू पिळले, दोन तारा दोन तारांना जोडल्या आणि त्यांवर इतकी टेप गुंडाळली की जोड सापाने उंदीर गिळल्यासारखा दिसू लागला.

मेन वर केली. बटण दाबलं. दिवा लागला.

दादाराव तसेच उभे राहिले. कुठल्याही कामाचा निकाल त्याच दिवशी लागतो, हा अनुभव त्यांना नवा होता. कुणाचं मत नाही, शिफारस नाही, पुढे सादर करणं नाही. तार जोडली आणि उजेड पडला. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी छताकडे बघत राहून जिरवलं. मग पांढरा, पिवळा, मधला असे सगळे रंग बायकोला आणि मुलीला पुन्हा पुन्हा दाखवले.

संध्याकाळी खाली फिरायला जाताना त्यांनी बटण बंद केलं, आणि दिवा विझला नाही. म्हणजे विझला, पण पूर्ण नाही. राखेखालच्या निखाऱ्यासारखा मंद तेवत राहिला. त्यांनी बटण पुन्हा दाबून पाहिलं, जोर लावून दाबलं. फरक पडला नाही.

"अहो, हा विझत का नाही?" रमाबाईंनी विचारलं.

"विझलाय," दादाराव म्हणाले, "अंतिम टप्प्यात आहे."

रविवारी पाहुणे आले. जय भीम झालं, पाणी झालं. कुसुमावतीबाई ठेंगण्या, बारीक केसांच्या, मानेला दोरीने चष्मा अडकवलेल्या. बसल्या बसल्या त्यांची नजर एका टोकापासून सुरू होऊन भिंती, कपाट, पडदे असं क्रमाने सगळं तपासत गेली. बोलणं मात्र मोकळं होतं. रमाबाईंच्या वांग्याच्या भरताची त्यांनी मनापासून तारीफ केली आणि तिखट जरा हात राखून घातलंत, हेही सांगितलं. जेवणं झाल्यावर, भरदुपारी दिवा कशाला जाळता, असं त्या म्हणाल्या. दादाराव तत्परतेने उठले आणि त्यांनी बटण बंद केलं. पडदे ओढलेले होते. अर्धवट अंधारात छतावर दिवा मंद उजळत राहिला.

कुसुमावतीबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"गजभियेसाहेब, बटण बंद आहे ना?"

"आहे."

"मग हा चालू कसा?"

संसदेत विचारलेल्या प्रश्नांना उत्तरांचे मसुदे करण्यात दादारावांची हयात गेली होती. ‘माहीत नाही’ हे उत्तर त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. तसं लिहिण्याची सोयच नव्हती.

"ती सुविधा आहे, मॅडम," ते म्हणाले. "रात्री कुणी उठलं तर अंधारात ठेच लागू नये म्हणून. मी स्वतः तशी जोडणी केलीये."

उन्नतीने छताकडे पाहिलं, समर्थने उन्नतीकडे, आणि रमाबाई वाटीतल्या बासुंदीकडे बघत राहिल्या. कुसुमावतीबाईंनी वीज किती जाते ते विचारलं. नगण्य, असं उत्तर आलं. त्यांनी थोडा विचार केला आणि मान डोलावली. कल्पना उत्तम आहे, म्हणाल्या. सरकारी नोकरीत राहून इतकं डोकं चालवणारा माणूस त्यांना क्वचितच भेटला होता. दादारावांना ऑडिटकडून आयुष्यात मिळालेली ही पहिली शाबासकी. ती इतकी अनपेक्षित होती, की आपण काय बोलून बसलो याचा त्यांना त्या क्षणी विसर पडला. तासाभरात लग्न ठरलं. साखरपुडा पुढच्या महिन्यात करायचा, असंही ठरलं.

गोष्ट इथेच थांबली असती. पण सोसायटीच्या समितीचे सेक्रेटरी चोप्रा पेढे घ्यायला म्हणून आले आणि त्यांनी तो दिवा पाहिला. चोप्रांना जे दिसे ते सोसायटीच्या ग्रुपवर टाकायची सवय होती. संध्याकाळपर्यंत दिव्याचा फोटो टॉवरभर पोचला. लोक बघायला येऊ लागले. दादाराव त्यांना खुर्चीत बसवून बटण बंद करून दाखवत आणि ‘किमान प्रकाशाची तरतूद’ समजावून सांगत. खोटं एकदा बोललं की खोटं असतं, पुन्हा पुन्हा बोललं की त्याचं धोरण होतं. पाचसहा माणसं येऊन गेल्यावर दादारावांना स्वतःलाही वाटू लागलं की आपण बहुधा मुद्दामच तशी जोडणी केली असावी.

गंमत म्हणजे त्या टॉवरमध्ये ज्यांनी ज्यांनी नवे दिवे लावले होते, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांकडे हाच प्रकार होता. आतापर्यंत ते त्याला बिघाड समजून गप्प होते. आता ते छाती पुढे काढून सांगू लागले, "हमारे यहाँ भी गजभिये सिस्टम है." ज्यांचे दिवे पूर्ण विझत त्यांना कमीपणा वाटू लागला.

साखरपुडा जवळ आला तसा रमाबाईंनी घराच्या साफसफाईचा धडाका लावला. एका दुपारी दादाराव स्वयंपाकघरात डबे पुसत होते. हॉलमधून धाडकन आवाज आला. ते धावले. स्टूल आडवं झालं होतं आणि रमाबाई दिवाणाच्या कडेला पडल्या होत्या, उजवं मनगट डाव्या हाताने घट्ट धरून. दिव्याचं झाकण काढून आतून ओल्या फडक्याने पुसायला त्या चढल्या होत्या.

"बटण बंद होतं," त्या म्हणाल्या. चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज स्थिर होता. "मी स्वतः बंद केलं होतं."

मनगट मोडलं नव्हतं, मुरगळलं होतं. डॉक्टरांनी पट्टा बांधून दिला आणि दिवाण तिथे नसता तर काय झालं असतं, हेही विनाकारण सांगितलं. येताना दादारावांनी हार्डवेअरच्या दुकानातून एक टेस्टर घेतला. घरी आल्यावर दिव्याचं बटण बंद ठेवून ते स्टुलावर चढले आणि टेस्टरचं टोक तारेला लावलं. टेस्टरमधला लहानसा दिवा झकास पेटला.

ते खाली उतरले आणि स्टुलावरच बसले. आता सगळं लख्ख कळत होतं. बटणाने येणारी वीज तोडायला हवी. इथे ते परत जाणारी वाट तोडत होतं. मागचं दार लावून घेतलं होतं, पण चोर पुढच्या दाराने येऊन छतावर बसलेलाच होता. बिल्डरच्या माणसांनी मेनजवळच्या डब्यात दोन तारांची अदलाबदल करून ठेवली होती. जुन्या बल्बने ते कधी कळू दिलं नाही. नवा दिवा हलक्या कानाचा, जराशा विजेनेही उजळणारा. तो पहिल्या दिवसापासून चुगली करत होता, आणि दादाराव त्या चुगलीला सुविधा म्हणत होते.

पहिल्याच दिवशी आपल्यालाही झटका बसला होता, हे त्यांनी रमाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तेव्हा सांगितलं असतं तर मी चढले नसते." त्यानंतर दोन दिवस त्यांनी एका हाताने स्वयंपाक केला, दादारावांना पोळीला हात लावू दिला नाही, आणि कामापुरतंच बोलल्या. घरातला तो दिवा मेन पाडून काढून ठेवला गेला. हॉलमध्ये टेबल लॅम्प आला.

अशात कुसुमावतीबाईंचा फोन आला. त्यांनी तस्साच दिवा आणला होता. लावायला इलेक्ट्रिशियन नको, व्याह्यांच्याच हातचा हवा, म्हणून रविवारी सगळ्यांनी मुनिरकाला यावं. दादाराव बरं म्हणाले. फोन ठेवल्यावर रमाबाई नुसत्या बघत राहिल्या. असले विषय प्रत्यक्ष भेटीत बोललेले बरे, असं दादाराव म्हणाले. रमाबाई इतकी वर्षं अवर सचिवाच्या बायको होत्या. याचा अर्थ ‘तूर्तास नको’ असा होतो, हे त्यांना ठाऊक होतं.

मुनिरकाच्या त्या जुन्या फ्लॅटमध्ये दादारावांनी काम मात्र चोख केलं. आधी मेन पाडली, टेस्टर लावून खात्री केली, तार तारेला नीट जोडली, टेपही बेताचीच गुंडाळली. तिथली वायरिंग जुनी पण सरळ होती. मेन वर केली, बटण दाबलं, दिवा लागला. बटण बंद केलं, दिवा पूर्ण विझला. खोली अंधारली.

कुसुमावतीबाई वाट बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "साहेब, हा तर पूर्णच गेला."

"हो."

"तुमच्याकडचा जात नाही."

आयुष्यात पहिल्यांदा दादारावांनी एखादं काम अगदी बिनचूक केलं होतं, आणि नेमका त्यावरच आक्षेप निघाला होता. बाई नाराज झाल्या नाहीत, पण आपल्याकडे काम अर्धवट राहिलं हे त्यांनी दोनदा बोलून दाखवलं. नांदेडच्या बहिणीलाही त्यांनी या सुविधेबद्दल सांगून ठेवलं होतं. तीही करून घेणार होती.

समर्थ मघापासून मोबाइलमध्ये काहीतरी वाचत होता. त्याला सापडलं. दोन तारा उलट जोडल्या की दिवा असा मंद उजळत राहतो, असं तिथे लिहिलं होतं. खाली काही सूचनाही होत्या, पण त्या त्याने वाचल्या नव्हत्या. आईची हौस आहे, दोन मिनिटांचं काम आहे, असं म्हणत तो स्क्रूड्रायव्हर घेऊन डब्याकडे गेला आणि त्याने झाकणाचा पहिला स्क्रू काढला. दादारावांची नजर सोफ्यावर बसलेल्या रमाबाईंवर गेली. त्या मांडीवर पट्टा बांधलेला हात ठेवून बसल्या होत्या आणि दादारावांकडेच बघत होत्या.

"समर्थ, तिथून हात काढ," दादाराव म्हणाले.

तो थांबला.

"मॅडम, ती सुविधा नव्हती. चूक होती. तुम्ही विचारलंत तेव्हा मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी तिला सुविधा म्हटलं. हिच्या हाताला लागलंय ते जिन्यावरून पडून नाही, त्या दिव्यामुळे."

मायलेकांना बाबांनी जिन्याचं कारण सांगितलं होतं, हे उन्नतीला आत्ता कळलं. ती आईच्या शेजारी जाऊन बसली. कुसुमावतीबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला, आणि फोन उचलून तिथल्या तिथे नांदेडला लावला. बहिणीला त्यांनी बजावून सांगितलं, की तो दिवा लाव, पण बंद केला की पूर्ण बंद व्हायला हवा, नाहीतर कुणालाही हात लावू देऊ नकोस. बहीण का म्हणाली. बाई म्हणाल्या, आमचे व्याही सांगतात.

फोन ठेवून त्या दादारावांकडे वळल्या. "मी खूप खात्यांचं ऑडिट केलं, साहेब. अशा सुविधा प्रत्येक ठिकाणी सापडायच्या. चूक होती असं लेखी तर सोडाच, तोंडीही कुणी कधी म्हटलं नाही मला." मग त्यांनी तीस वर्षांच्या सवयीने निकाल दिला, "उत्तर समाधानकारक. आक्षेपाचा परिच्छेद वगळण्यात येत आहे."

परतताना मेट्रोत रमाबाईंनी आपली पिशवी दादारावांच्या हातात दिली. पट्टा बांधल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच काही धरायला दिलं होतं.

राहिली सोसायटी. सोनू गावाहून परतला. लग्न त्याचं स्वतःचंच होतं. त्याने डब्यातल्या दोन तारा बदलून दिल्या आणि दादारावांचा काढून ठेवलेला दिवा पुन्हा माणसांत आला. पण टॉवरभर ‘गजभिये सिस्टम’ उजळत होती, आणि प्रत्येक घरात कुणी ना कुणी दिवाळीला स्टुलावर चढणार होतं. दादारावांनी समितीच्या बैठकीत विषय मांडला. सगळं सांगितलं, आपण थाप मारली होती तेही सांगितलं. समितीला थापेचं काही वाटलं नाही. समितीला चिंता होती ती वेगळीच. चोप्रा म्हणाले, ही बातमी बाहेर गेली तर फ्लॅटचे भाव पडतील. एका गृहस्थांना तर असा संशय होता, की गजभियेंना ती सोय आता एकट्याकडेच ठेवायची आहे. तासभर चर्चा होऊन एक उपसमिती नेमण्यात आली. तिचा अहवाल येईपर्यंत विषय विचाराधीन राहील, असं चोप्रांनी वाचून दाखवलं.

‘विचाराधीन’ हा शब्द दादारावांनी स्वतः किती फायलींवर लिहिला होता याची गणती नव्हती. लिहिताना तो नेहमी सुरक्षित वाटायचा. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून ऐकताना मात्र त्यांना रमाबाईंचं पांढरं पडलेलं तोंड दिसलं. एखाद्या गावच्या पुलावर, एखाद्या शाळेच्या छतावर आपण हा शब्द ठेवला असेल आणि खाली माणसं उभी असतील, असं पहिल्यांदाच मनात आलं. त्या रात्री ते नीट जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सोनूला बरोबर घेऊन त्यांनी दारं वाजवायला सुरुवात केली. कुणाचा आदेश नव्हता, मंजुरी नव्हती. विनापरवाना आपण काहीतरी करतो आहोत या जाणिवेने, आधी प्रत्येक बेल दाबण्यापूर्वी ते जिन्यात मागे वळून बघायचे. लोक तऱ्हेतऱ्हेचे भेटले. कुणी चहा दिला, कुणी दार अर्धं उघडून मतं मागायला आलात का म्हणालं. एका घरात सांगण्यात आलं, की मुलाला अंधाराची भीती वाटते, राहू द्या तसंच. तिथे दादाराव अर्धा तास बसले आणि रमाबाईंच्या हाताची हकीगत त्यांनी पहिल्यापासून सांगितली. तीच गोष्ट ते दारोदार सांगत होते, आणि दर वेळी थापेचा भाग आला की आवाज खाली जायचा. पण गाळत नव्हते.

चौथ्या मजल्यावर असताना चोप्रांचा माणूस समितीची नोटीस घेऊन आला. समितीच्या पूर्वपरवानगीशिवाय सदनिकांमध्ये विजेचं काम करणं नियमबाह्य आहे, असं तीत म्हटलं होतं, नियमाचा क्रमांकही दिला होता. दादारावांनी ती जिन्यात उभं राहून शेवटपर्यंत वाचली. मसुदा चांगला होता. त्यांनी एक शब्द सुधारला, कागद घडी करून खिशात टाकला आणि पुढची बेल दाबली.

ते घर चोप्रांचंच निघालं. दार मिसेस चोप्रांनी उघडलं. पंजाबी सलवार, कणकेने माखलेले हात. दादारावांनी येण्याचं कारण सांगितलं आणि मिस्टर घरी आहेत का, असं विचारलं. ते उपसमितीच्या बैठकीला गेले होते.

बाईंनी मागे वळून छताकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "भाईसाहब, मुझे भी झटका लगा था पिछले हफ्ते. इनको बोला तो कहते हैं वहम है. आप जल्दी कर दो, इनके आने से पहले."

सोनू डब्याकडे गेला. दादारावांनी चपला तपासल्या आणि दिव्याला टेस्टर लावून बघायला स्टूल मागितलं. मिसेस चोप्रांनी हात धुतले, स्टूल आणलं, आणि ते चढू लागले तसं दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं.